पाव फेरा

डोंगरावरून वारा सुटला की शेटिकांमधली माणसं
बोलता बोलता थांबतात आणि वर बघतात.
आमच्या घरात ही सवय वाऱ्याची नाही, बाबांची.

एकाहत्तरच्या ऑगस्टात देल्फिन आत्याचं लग्न.
दोन व्हायोलिनं, साठ माणसं, नाचायला जागा नाही.
बाबांनी सकाळी मधली भिंत करवतीनं कापली,
संध्याकाळी तिच्यावर मासळीचा रस्सा शिजला.
पहाटे चारपर्यंत नाच. मी दहा वर्षांची,
जिन्यावर बसून बूट मोजत होते.
छप्पर काही बोललं नाही.

छपरं लगेच बोलत नाहीत.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणे.
आमचे वासे आधी फिरले,
दोन-तीन वर्षांत सूतभर, कुणाच्या लक्षात न येता.
आढं मधोमध बसलं म्हाताऱ्या घोडीच्या पाठीसारखं,
माडीवरच्या खिडकीची कडी खाचेला पोचेना,
आणि आम्ही ती सुतळीनं बांधायला शिकलो.
घट्ट गाठ मला अजून तीच एक येते.

आन्सेल्म पोआरिये आला तो थेट तळघरात उतरला.
म्हटलं, छप्पर वर आहे.
"भार खाली जातो, झेलिया.
शेवटी पाय कुठे टेकतो ते आधी बघू."
तुळईखाली होतं एक रिकामं पिंप, आणि ओल.
आठवडा खणण्यात गेला, खडक लागेपर्यंत.

मग दोन्हीकडे टेकूंच्या रांगा.
मी चहा घेऊन त्यांच्यामधून आडवी होऊन जायची.
जॅकला रोज पाव फेरा,
त्याच्या भाचीनं, मिरेयनं द्यायचा, न्याहारीनंतर.
मी म्हटलं, अर्धा दे, वारा येतोय.
तिनं मामाकडे पाहिलं. मामानं पावाला लोणी लावलं.

रात्री खिळे कुरकुरत.
एकदा बार उडाल्यासारखा आवाज, मी गाऊनवरच अंगणात.
सकाळी मिरेयनं भेगेत नख घालून पाहिलं:
"फक्त रंग."

एकविसाव्या दिवशी आन्सेल्म थांबला.
अजून बोटभर बाकी आहे, मी म्हटलं.
"असू दे. त्याला आता तसंच जमतं.
ओळंब्याच्या हट्टापायी दुसरीकडे मोडेल."

तेरा उभी लाकडं, तेरा वेगळी मापं.
मिरेय वरून आकडा ओरडायची, तो खाली कापायचा,
प्रत्येक केसभर जास्त,
म्हणजे हातोड्यानं घ्यावं लागेल, हातानं नाही.
सातव्याला ती गप्प.
"इथे काहीतरी लिहिलंय."

तुळईवर, जुन्या चुन्याच्या थराखाली,
सुतारी पेन्सिल, बाबांचं मोठं वाकडं अक्षर:
भिंत परत लावणे. सप्टेंबर.

साल नव्हतं.
मी शिडीवर बराच वेळ उभी राहिले.
म्हणजे माहीत होतं त्यांना.
दर वादळात वर बघणारा तो माणूस
वारा बघत नव्हता,
स्वतःचं अक्षर बघत होता.

भिंत उभी राहिली दुपारी.
जॅक सोडायला मिरेय गुडघ्यावर बसली,
पाव फेरा, उलटा. पुन्हा पाव.
पोत्यात बटाटे बसतात तसा एक आवाज,
मग दुसरा, बारीक, तळघरातून.
आन्सेल्मनं सातव्या लाकडाला टिचकी मारली,
कान लावला, आणि टोपी घातली.

वरची पट्टी ठोकण्याआधी पेन्सिल मागितली.
सप्टेंबर खोडला नाही.
खाली लिहिलं: मे. आणि साल.

माडीवरची कडी आता खाचेत बसते.
सुतळी मी खिळ्यालाच ठेवलीय.
स्वयंपाकघराचं दार मात्र, जे जन्मभर नीट लागायचं,
ते आता लागत नाही.
मंगळवारी रंधा घेऊन येतो म्हणालाय.